न्यायालयाच्या व्हरांड्यात सोबत करताना : कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मदत करू इच्छिणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर एका महिलेला सोबत म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत कायद्याचे पुस्तक होते, अर्जाच्या तीन प्रती होत्या आणि लागतील ती सगळी कलमे मला पाठ होती. आम्ही सकाळी साडेदहाला पोहोचलो आणि पुकारा झाला दुपारी पावणेतीनला. मधल्या वेळेत मी एका कागदाची झेरॉक्स काढायला खाली गेले, रांगेत वीस मिनिटे मोडली, आणि परत आले तेव्हा बाकावर तिच्या एका बाजूला तिची सासू आणि दुसऱ्या बाजूला मोठी नणंद बसलेली होती. कोणी आवाज चढवला नव्हता, धमकी दिली नव्हती. सासूबाईंनी फक्त तिच्या धाकट्या मुलाला मांडीवर घेतले होते. पुकारा झाल्यावर तिने न्यायाधीशांना सांगितले की, मला अर्ज पुढे चालवायचा नाही. अर्जात कायद्याची एकही चूक नव्हती. चूक माझी होती आणि ती त्या वीस मिनिटांत होती.

त्यानंतर मी हे काम ज्या क्रमाने शिकले, त्याच क्रमाने ते इथे मांडते आहे. कायदा सांगायला वकील असतात आणि आदेश द्यायला न्यायाधीश असतात. पण घरातून निघाल्यापासून पुकारा होईपर्यंत आणि न्यायालयातून बाहेर पडल्यापासून पुन्हा सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत तिच्याबरोबर कोणी नसते. आपले काम मुख्यतः त्या वेळेचे आहे, असे माझे मत आहे, आणि म्हणून या लेखात सुनावणीपेक्षा प्रतीक्षेवर अधिक लिहिले आहे.

१. आपण कोणत्या नात्याने जाणार, हे आधी ठरवा

न्यायालयाच्या आवारात ‘मी समाजसेविका आहे’ एवढ्या ओळखीवर कोणी उभे करत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच ओळखीवर उद्या समोरच्या पक्षाचा माणूसही उभा राहू शकतो. नव्या माणसासाठी सर्वांत सरळ वाट म्हणजे मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होणे. जिल्ह्याचे प्रधान जिल्हा न्यायाधीश या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि रोजचा कारभार सचिव पाहतात. तेही न्यायाधीशच असतात. प्राधिकरण वेळोवेळी स्वयंसेवकांची निवड करते, प्रशिक्षण देते आणि ओळखपत्र देते. त्या ओळखपत्रामुळे कोर्टातील लिपिक, शिपाई आणि बंदोबस्तावरचे पोलीस तुम्हाला प्रश्न न विचारता ओळखू लागतात, हा त्याचा खरा उपयोग. तालुक्याच्या न्यायालयांत हेच काम तालुका विधी सेवा समिती पाहते.

दुसरी वाट संस्थेची आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील कलम १० प्रमाणे राज्य शासनाकडे ‘सेवा पुरवणारी संस्था’ म्हणून नोंदणी करता येते; त्यासाठी अर्जापूर्वी किमान तीन वर्षे अशा प्रकारचे काम केलेले असावे लागते. नोंदणीकृत संस्थेला घटना अहवाल, म्हणजे सगळे ज्याला ‘डीआयआर’ म्हणतात तो, नोंदवून न्यायदंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली शासनाने नेमलेले अधिकारी) यांच्याकडे पाठवण्याचा अधिकार मिळतो. नोंदणी नसलेल्या संस्थेने आपल्या लेटरहेडवर लिहिलेला कागद डीआयआर ठरत नाही. उत्साही नवी मंडळे इथे हमखास चुकतात आणि तो कागद उलटतपासणीत त्या बाईवरच उलटतो.

आवारात टेबल मांडून मदतकक्ष चालवायचा असेल, तर लेखी परवानगी घ्या. अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत द्या, आणि कोणत्या वारी, किती ते किती, कोण बसणार हे त्यात स्पष्ट लिहा. टेबलाची जागा मागताना प्रवेशद्वाराजवळची मागू नका. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते की, मदत मागायला कोण आले आहे.

२. कायद्याची किमान तयारी

तुम्ही वकील नाही आणि सल्ला देणे तुमचे काम नाही. तरीही समोर काय चालले आहे ते कळले पाहिजे. वर सांगितलेला कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे चालतो, पण मागायचे असते ते दिवाणी स्वरूपाचे संरक्षण, आणि हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या. कित्येक महिला ‘मला नवऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही’ एवढ्याच कारणाने अर्ज करायला कचरतात. त्यांना सांगता आले पाहिजे की, या अर्जाने कोणाला अटक होत नाही. अटकेचा प्रश्न संरक्षण आदेश मोडल्यावर येतो. क्रौर्याचा फौजदारी गुन्हा, म्हणजे पूर्वीचे कलम ४९८अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ८५, ही वेगळी वाट आहे आणि ती पोलीस ठाण्यातून सुरू होते. महिला दोन्ही वाटांनी जाऊ शकते.

मारहाणीइतकीच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक पिळवणूक कलम ३ मध्ये हिंसाचारात धरली आहे. घरखर्च बंद करणे, पगाराचे एटीएम कार्ड काढून घेणे, स्त्रीधन परत न देणे हे सगळे त्यात येते. अर्ज फक्त पत्नीच करू शकते असे नाही. आई, बहीण, विधवा सून आणि विवाहासारख्या नात्यात राहणारी स्त्रीदेखील करू शकते. गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो, फक्त पुरुषच असावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकली, त्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही दाद मागता येते. मात्र कोणाला घराबाहेर काढण्याचा आदेश महिलेविरुद्ध देता येत नाही, हे आठवणीने सांगा, कारण ‘सासूला बाहेर काढा’ ही अपेक्षा घेऊन येणाऱ्या पुष्कळ असतात.

आदेशांची कलमे एका ओळीत लक्षात ठेवा : १८ संरक्षण, १९ निवास, २० आर्थिक दिलासा, २१ मुलांचा तात्पुरता ताबा, २२ भरपाई, २३ अंतरिम आणि एकतर्फा आदेश.

३. योग्य न्यायालय कोणते

कलम २७ प्रमाणे महिला कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, काम करते, गैरअर्जदार जिथे राहतो किंवा घटना जिथे घडली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज करता येतो. म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या सासरहून कल्याणच्या माहेरी आलेली महिला कल्याणला अर्ज करू शकते. तिला कुठे जाणे सुरक्षित आणि परवडणारे आहे, हे आधी विचारा. सासरच्या गल्लीतून जाणारा रस्ता वर्षभर तुडवायचा नसतो.

नवी मुंबईत एक सापळा आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ या बाजूच्या महिला बेलापूरच्या न्यायालयात जातात. खारघर बेलापूरच्या अगदी पुढचे स्थानक आहे आणि पोलीस आयुक्तालयही एकच, म्हणून खारघर-कामोठ्याच्या महिलाही तिथेच येतात. पण खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात मोडतो आणि तिथला अर्ज पनवेलला करायचा असतो. माहेर, नोकरी, गैरअर्जदाराचे घर किंवा घटना यांपैकी काही बेलापूरच्या हद्दीत असेल तरच बेलापूर चालते. ही चौकशी फोनवर पाच मिनिटांत होते. ती न केल्याने एका महिलेची अर्ध्या दिवसाची रजा आणि दोन लेकरांचा हाल मी पाहिला आहे.

घटस्फोटाचा किंवा पोटगीचा दावा कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल, तर कलम २६ खाली हीच दाद तिथेही मागता येते. दोन्हीकडे धावायचे की नाही, हा निर्णय वकिलांवर सोडा.

४. पहिली भेट

पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नसावा. पहिला प्रश्न असावा : ‘आज रात्री कुठे झोपणार आहात?’ उत्तर ‘त्याच घरी’ असे आले, तर बाकी सगळे नंतर. या कायद्याच्या २००६ च्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा नमुना आहे, तो नमुना ५. तो समोर ठेवून बोला, पण फॉर्म भरण्याच्या सुरात विचारू नका.

दुसरा प्रश्न फोनचा. फोन कोणाच्या नावावर आहे, तो आणखी कोण उघडते, त्यात लोकेशन चालू आहे का, आपला नंबर ती कोणत्या नावाने ठेवणार, आणि कोणत्या वेळेत फोन करायचा नाही. ‘तारीख लक्षात आहे ना?’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश सासरी वाचला गेला, तर काय होऊ शकते याची कल्पना करा. मी संदेश पाठवतच नाही. ठरलेल्या वेळी तीच फोन करते.

मग तिचे म्हणणे ऐका आणि एकदाच ऐका. संरक्षण अधिकारी, वकील, डॉक्टर, पोलीस या प्रत्येकापुढे तिला तेच पुन्हा सांगावे लागणार आहे. तिच्या परवानगीने तारखांची एक टाचण करून ठेवलीत, तर पुढच्या प्रत्येक टेबलावर ती उपयोगी पडते. टाचणात विशेषणे नकोत. दिवस, ठिकाण, काय घडले, कोणी पाहिले आणि उपचार कुठे झाले, एवढेच असावे. जुन्या घटना ‘मुदतीबाहेर’ म्हणून गाळू नका. कलम १२ च्या अर्जाला, म्हणजे या कायद्याखालच्या मूळ अर्जाला, एक वर्षाची मुदत लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

५. कागदपत्रे

सगळे कागद असल्याशिवाय अर्ज होत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. घरातून नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्या बाईकडे काही नसते आणि तरीही अर्ज होतो. मिळतील तसे मात्र पुढील कागद जमवावेत :

• ओळख आणि पत्ता : आधार, शिधापत्रिका किंवा भाडेकरार. सध्याचा पत्ता गुप्त ठेवायचा असेल, तर ते वकिलांना आधीच सांगावे.
• विवाहाचा दाखला; नसल्यास पत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले.
• उपचारांचे कागद. रुग्णालयात मारहाणीची नोंद झाली असेल, तर एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) क्रमांक.
• पोलीस ठाण्यातील तक्रारींच्या प्रती, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) सुद्धा. एनसीचा कागद ‘काही उपयोगाचा नाही’ म्हणून फेकून देणाऱ्या पुष्कळ भेटतात; तारखेचा तो मोठा पुरावा असतो.
• स्त्रीधनाची यादी, पावत्या आणि दागिने अंगावर असलेले लग्नातले फोटो.
• दोघांच्या उत्पन्नाविषयी जे मिळेल ते : पगारपत्रक, बँकेचे पासबुक, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी.
• फोनमधले संदेश आणि ध्वनिमुद्रण. मूळ फोन विकू नये, बदलू नये. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. ते वकील तयार करतात.

पोटगी मागितली की, दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ते बंधनकारक केले. हा फॉर्म लांबलचक आहे आणि त्यात ‘माहिती नाही’ असे लिहिण्यात काही कमीपणा नाही. अंदाजाने आकडे भरू नयेत. शिवणकामाचे महिन्याचे दोन हजार मिळत असतील, तर ते लपवू नयेत. लपवलेले दोन हजार उलटतपासणीत बाकीच्या खऱ्या गोष्टींनाही खोटे पाडतात.

६. अर्ज कोण करणार आणि किती खर्च येणार

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला आणायला तिला तहसील कार्यालयात धाडू नका. प्राधिकरणात साधा अर्ज दिला की पॅनेलवरील वकिलांची नेमणूक होते. हिंसाचार आणि पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना न्यायालय शुल्कातून सूट आहे, आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक कागदाची गरज नसते. तरीही कोर्टाबाहेर एका टायपिस्टने एका महिलेला पाचशेचा मुद्रांक घ्यायला लावला होता, आणि वर टायपिंगच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाच्या अर्जाची नक्कल फक्त नावे बदलून दिली होती. त्या अर्जात तिला दोन मुलगे होते. प्रत्यक्षात एकच मुलगी होती. म्हणून अर्ज दाखल होण्यापूर्वी तो तिला मराठीत, सावकाश, ओळीन् ओळ वाचून दाखवा. इंग्रजीत असेल तर अर्थ सांगा. ती स्वतः वाचू शकत असली तरीही वाचा.

अर्ज ती स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणी करू शकते. संरक्षण अधिकाऱ्यांचा डीआयआर असेल तर उत्तमच. पण तो नाही म्हणून अर्जावर आदेशच होऊ शकत नाही, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हा मुद्दा निकाली काढला आहे. डीआयआरसाठी महिनाभर थांबून राहिलेल्या महिला मला अजूनही भेटतात.

कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत लागावी, नोटीस दोन दिवसांत बजावली जावी आणि अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. हे आकडे तिला सांगा, पण त्याच दमात हेही सांगा की, प्रत्यक्षात वेळ याहून बराच जास्त लागतो. साठ दिवसांचा भरवसा देऊन चौथ्या तारखेला तिच्या नजरेला नजर देता न येणे, हे मी अनुभवले आहे. दिलासा लवकर हवा असेल, तर कलम २३ चा अंतरिम अर्ज मूळ अर्जाबरोबरच दाखल झाला आहे ना, हे वकिलांना आवर्जून विचारा.

७. प्रतीक्षेचे तास

आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून तारीख बदललेली नाही ना, ते पाहा. झेरॉक्स, फोटो, नोटरी ही सर्व कामे आदल्या दिवशीच उरका. सकाळी न्यायालय भरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, दाराबाहेर लावलेल्या बोर्डावर प्रकरणाचा क्रमांक कितवा आहे ते पाहा आणि आत जाऊन लिपिकांना ‘अर्जदार हजर आहेत’ असे नम्रपणे कळवा. न्यायाधीश रजेवर असतील तर हे तेव्हाच कळते आणि पुढची तारीख घेऊन निघता येते. नाहीतर दुपारपर्यंत उगाच बसावे लागते.

बसण्याची जागा विचार करून निवडा. बाकाचे भिंतीकडचे टोक तिला द्या आणि तिच्या मोकळ्या बाजूला तुम्ही बसा. जिन्याच्या तोंडाशी बसू नका, कारण समोरची सगळी मंडळी तिथूनच ये-जा करणार असतात. बंदोबस्तावरचा पोलीस दिसेल अशी जागा मिळाली तर उत्तम. आणि तिला एकटी सोडू नका. स्वच्छतागृहात जायचे असेल तर दोघी जा. एका महिलेमागे दोन कार्यकर्त्या असाव्यात, असा माझा आग्रह असतो. शक्य नसेल तर तुम्हाला उठावे लागताना वकिलांच्या कनिष्ठ सहकाऱ्याला तिच्याजवळ थांबण्याची विनंती करा.

सकाळीच, आवारात शिरण्यापूर्वी, तिला एक गोष्ट स्पष्ट विचारून ठेवा : ‘ते बोलायला आले तर तुम्हाला बोलायचे आहे का?’ हा निर्णय तिचा आहे. नको असेल, तर ‘दोनच मिनिटे बोलायचे आहे’ म्हणून येणाऱ्या दीर-मामांना तुम्ही उभे राहून शांतपणे सांगा, ‘जे काही असेल ते वकिलांमार्फत किंवा कोर्टासमोर बोला.’ याहून एक शब्द जास्त बोलू नका, कारण वाद घातलात की व्हरांड्यातल्या गर्दीत तुम्हीच भांडखोर ठरता. तिला बोलायचे असेल तर तिला अडवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. दिसेल एवढ्या अंतरावर थांबा. मात्र व्हरांड्यात कोणत्याही कागदावर सही करायची नाही, एवढे तिच्याकडून आधीच कबूल करून घ्या. समोरचे वकील ‘फक्त औपचारिकता आहे’ म्हणून पेन पुढे करतात. कागद घ्यावा आणि आपल्या वकिलांना दाखवावा.

मुलांना शक्यतो आणू नये. मांडीवर घेतलेले मूल हे किती मोठे हत्यार असते, हे मी सुरुवातीला सांगितलेच आहे. आणावेच लागले तर मुलासाठी वेगळे माणूस बरोबर घ्या आणि मूल समोरच्या कोणाच्या हाती देऊ नका. भेटीचा आदेश असेल, तर आदेशात लिहिल्या वेळी आणि लिहिल्या ठिकाणीच भेट होईल.

डबा न्या. पहाटे घरचे सगळे आवरून निघालेल्या बाईने चहाशिवाय काही घेतलेले नसते, आणि दुपारी कठड्यापाशी उभे राहिल्यावर भोवळ येते. पोळीभाजी, केळी, पाणी एवढे पुरे. बोलण्याच्या बाबतीत माझा नियम असा की, प्रकरणाचा विषय आपण काढायचा नाही. काही महिला भाजीचे भाव बोलतात, काही गप्प बसतात, एक तर चार तास लोकरीचे विणकाम करत असे. गप्प बसलेल्या बाईला बोलते करण्याची घाई करू नका.

धमकी आलीच तर वेळ आणि नेमके शब्द तिथेच लिहून घ्या, वकिलांना सांगा, बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा, आणि पुकाऱ्याच्या वेळी ती गोष्ट न्यायाधीशांच्या कानावर घालण्यास वकिलांना सांगा. मोबाइलवर चित्रीकरण करू नका. न्यायालयाच्या आवारात ते अंगाशी येते.

बाहेर पडण्याची वेळ सर्वांत नाजूक असते, विशेषतः आदेश तिच्या बाजूने झाला असेल त्या दिवशी. समोरची मंडळी निघून गेल्यावर वीसेक मिनिटे थांबा. कोर्टनाक्यावरून स्टेशनला जाणारी शेअर रिक्षा किंवा टीएमटीची बस सगळ्यांसाठी एकच असते, त्यामुळे एकाच रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ शकते. रिक्षा आधीच ठरवून ठेवा. लोकलमध्ये महिलांचा डबा, आणि फलाटावर डबा येतो त्या जागीच उभे राहणे. ती पोहोचल्यावर ठरल्याप्रमाणे फोन करेल. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही, तर पुढे काय करायचे, तेही सकाळीच ठरलेले असावे.

८. न्यायदालनात

आत तुम्ही मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा आणि बोलू नका. साक्ष चालू असताना मान हलवणे, ओठ हलवणे, खूण करणे पूर्ण टाळा. समोरचे वकील ते ताबडतोब दाखवून देतात आणि तिची खरी साक्षही पढवलेली ठरते. तिला आदल्या दिवशी एवढेच सांगा की, प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचे, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचे आणि उत्तर न्यायाधीशांकडे पाहून द्यायचे. रिकामे न्यायदालन तिला आधी एकदा दाखवून आणता आले, तर अर्धी भीती तिथेच उतरते. बंद दालनात सुनावणीची मागणी कलम १६ खाली करता येते. लैंगिक छळाचे आरोप असतील, तर वकिलांना याची आठवण करा. मग तुम्हालाही बाहेर थांबावे लागेल, हे तिला आधी सांगून ठेवा.

दिवसाच्या शेवटी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, काय नोंद झाली आणि पुढची तारीख कशासाठी आहे, म्हणजे समोरच्यांचे म्हणणे येण्यासाठी, युक्तिवादासाठी की साक्षीसाठी, हे समजून घेऊन तिच्या वहीत लिहून द्या.

९. समुपदेशन आणि तडजोड

कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, आणि दिला तर पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत लागते. २००६ च्या नियमांतील नियम १४ प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, केलेल्या हिंसाचाराचे समर्थन समुपदेशनात मांडू दिले जाणार नाही आणि हे गैरअर्जदाराला सुरुवातीलाच सांगायचे. ‘तिनेही उलट उत्तर दिले म्हणून हात उगारला’ हे वाक्य त्या खोलीत यायलाच नको. प्रत्यक्षात ते येते, आणि कित्येकदा समुपदेशकच ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असे म्हणून त्याला जागा करून देतात. अशा वेळी नियमाची प्रत वकिलांमार्फत पुढे ठेवा.

तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. अनेक महिलांना मार थांबायला हवा असतो आणि संसार चालायला हवा असतो. ती त्यांची निवड आहे. पण तडजोडीच्या अटी मोघम नसाव्यात. ‘पत्नीला चांगले वागवीन’ याला अर्थ नाही. दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात. दागिने कधी परत. पुन्हा मारहाण झाल्यास अर्ज पुन्हा चालवण्याची मुभा, हे लिहिलेले असावे.

१०. आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे मोफत मिळते आणि ती संबंधित पोलीस ठाण्यालाही जाते. जाते म्हणून विसंबू नका. एक प्रत स्वतः ठाण्यात देऊन पोच घ्या. एक प्रत माहेरी, एक तुमच्याकडे, एक तिच्या पर्समध्ये असावी. संरक्षण आदेश मोडणे हा कलम ३१ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ठाण्यात जाताना कलमाचा कागद बरोबर असला की, ‘घरगुती मामला आहे, मिटवून घ्या’ हे वाक्य थोडे उशिरा ऐकू येते.

पोटगीचा आदेश झाला म्हणजे पैसे आले असे होत नाही, आणि माझ्या मते या सर्व प्रक्रियेतला सर्वांत थकवणारा भाग हाच आहे. रक्कम खात्यात येते का, याची महिन्यागणिक नोंद पासबुकावरून ठेवा. थकली तर वसुलीचा अर्ज लगेच करा. दोन वर्षांची थकबाकी एकदम मागण्याची वाट पाहू नका. गैरअर्जदार नोकरीत असेल, तर कलम २०(६) खाली मालकाला थेट पगारातून रक्कम देण्याचा आदेश मागता येतो. आदेश विरुद्ध गेला किंवा अपुरा वाटला, तर सत्र न्यायालयात अपिलासाठी तीस दिवस असतात. आदेश मिळाल्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

११. नोंदवही, फोन क्रमांक आणि पिशवी

मदतकक्षाच्या नोंदवहीत पूर्ण नावाऐवजी क्रमांक लिहा आणि क्रमांक-नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. वही टेबलावर उघडी टाकून चहाला जाऊ नका. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नाव, फोटो, पत्ता यांपैकी काहीही टाकायचे नाही, ‘यशोगाथा’ म्हणूनही नाही. तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखणाऱ्या कोणाचे प्रकरण आले, तर ते दुसऱ्या कार्यकर्तीकडे सोपवा.

फोन क्रमांक तोंडपाठ असावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत विधी सहाय्यासाठी १५१००, मुलांसाठी १०९८. रात्री निवाऱ्याची गरज पडली तर कोठे जायचे, हे सखी वन स्टॉप सेंटर (हिंसापीडित महिलांसाठीचे शासकीय मदत केंद्र) आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे दिवसाउजेडी विचारून ठेवा. ऐन वेळी रात्री दहाला पहिला फोन करू नका.

पिशवीत मी हे ठेवते : ओळखपत्र, दोन पेने, कोऱ्या कागदांची वही, अर्जाच्या जादा प्रती, कायदा आणि नियमांची पातळ आवृत्ती, सुट्टे पैसे, फोनचा चार्जर, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीची गोळी, मुलांसाठी रंगीत खडू, आणि एक मोठी ओढणी, कारण काही महिलांना जिना उतरताना चेहरा झाकून घ्यावासा वाटतो.